माता नसलेली गाडी

आर्सेसियो किसेनो गेला तेव्हा आग्वादासमधल्या निम्म्या बायका रडल्या आणि त्याची सख्खी बहीण रडली नाही. गावात याची बरीच चर्चा झाली. एदेल्मिराने ती ऐकली आणि सोडून दिली. शाळेत विज्ञान शिकवण्यात जिची हयात गेली, तिला गावाच्या बोलण्याची सवय असते. आणि रडायला सवड तरी कुठे होती? पाद्री, शवपेटी, नऊ दिवसांच्या प्रार्थना, आल्यागेल्याला कॉफी, खुर्च्या मागवा, खुर्च्या परत करा. हे सगळं संपल्यावर एका सकाळी ती जागी झाली आणि तशीच पडून राहिली. आपण कशाची तरी वाट बघतोय हे तिच्या लक्षात आलं. गॅरेजातून गाडीच्या सेल्फचा आवाज यायची.

तो आवाज म्हणजे तिचं घड्याळ होतं. आर्सेसियो भल्या पहाटे उठायचा, मक्याचा आरेपा तव्यावर टाकायचा, उभ्या उभ्या खायचा आणि वडिलांनी घेतलेली ती राखाडी रेनो सुरू करायचा. मग दिवसभर डोंगरातल्या वस्त्यांवरून फिरून बायकांनी विणलेल्या रुंद काठाच्या टोप्या गोळा करायच्या आणि गावातल्या व्यापाऱ्यांना द्यायच्या, हा त्याचा धंदा. टोप्यांना वजन नसतं, पण जागा फार लागते. गाडीची मागची सीट कायम आडवी असायची आणि टोप्या छतापर्यंत चढलेल्या.

दोघांनीही लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची गावात कुणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर कारणही काही नव्हतं. राहून गेलं. भाऊ-बहीण एका घरात म्हातारे झाले, भांडले, एकमेकांचे चष्मे शोधत राहिले. दर रविवारी तो चर्चमध्ये प्रार्थनेला जायचा. तिचा देवावर विश्वास नव्हता, पण घरी एकटं बसायचंही जिवावर यायचं. म्हणून ती गाडीतून त्याच्याबरोबर जायची आणि चर्चबाहेर आपल्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचायची. आग्वादासचं धुकं हाडात शिरतं, पण तिची सीट उबदार असायची.

"इंजिनाची ऊब आहे," तो म्हणायचा.

"हं," ती म्हणायची आणि पान उलटायची.

आता गाडी तिच्या वाट्याला आली होती. चालवता तिला येत होती, त्यानेच शिकवली होती. पण जायचं कुठे? शनिवारी बाजार, संपलं. बाकीचे दिवस गाडी गॅरेजात उभी. आर्सेसियोची मांजर, कानेला, सरकत्या काचेच्या फटीतून आत शिरायची आणि पुढच्या सीटखाली जाऊन झोपायची. शेजारणी म्हणाल्या, बघा, मुक्या जनावराला कळतं, मालकाच्या गाडीतून हलत नाही. बहीण आपली कोरडी ठणठणीत, हे त्या म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं.

एका शनिवारी चावी फिरवली तर नुसतं 'टक' झालं. बाजारातल्या हमालांनी येऊन धक्का मारला. पुढच्या शनिवारी परत 'टक'. बॅटरी नवी घातली. तीही चार-पाच दिवसांत उतरली.

मग पेरेइरा शहरातून भाच्याचा, दुसऱ्या भावाच्या मुलाचा, फोन आला. विल्मार मुलगा वाईट नव्हता. आत्याची काळजी त्याला होती, आणि गाडीचीही. जुन्या रेनोंना हल्ली शौकीन लोक फार मानतात.

"आत्या, परत ढकलली म्हणे गाडी?"

"कुणी सांगितलं?"

"गावानं."

"गावाला म्हणावं, हात लावलात तेवढं पुरे, तोंड आवरा."

"आत्या, ऐका तरी. धुक्यात वळणावर बंद पडली म्हणजे? मागून ट्रक आला म्हणजे? मी नेतो की. माझ्याकडे गॅरेज आहे. रंग देतो, सीटा नव्या करतो, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात उभी करतो. काकाचं नाव राहील."

"तुझा काका काय पुतळा आहे, चौकात उभा करायला?"

"आजोबांची गाडी आहे, आत्या. माझ्या बाबांचाही वाटा होता त्यात."

ते खरं होतं, म्हणून तिला जास्त राग आला. रागात माणूस कबूल करतो ते तिने केलं. विल्मार म्हणाला, महिनाअखेरच्या रविवारी मी ट्रक घेऊन येतो. तुम्ही चावी फिरवा. पहिल्या झटक्यात सुरू झाली तर तुमची, मी परत नाव काढणार नाही. ढकलावी लागली तर माझी.

"कबूल," एदेल्मिरा म्हणाली आणि फोन ठेवला. मग ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. घरात फ्रीजचा तेवढा आवाज होता. गाडीही गेली तर गॅरेज रिकामं होईल, आणि त्या घरात आर्सेसियोचं म्हणून हलणारं असं काही उरणार नाही. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं माणूस होतं, ते गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने रुबिएलला बोलावलं. रुबिएल ऑटो इलेक्ट्रिशियन, बस अड्ड्यामागे त्याचं दुकान. शाळेत असताना तिने त्याला दोनदा विज्ञानात नापास केलं होतं आणि तो हे सगळ्यांना अभिमानाने सांगायचा. गॅरेजात आल्या आल्या त्याने बॉनेटही उघडलं नाही. कमरेवर हात ठेवून विचारलं, "बाई, आधी सांगा, माता कुठं बसवलीय?"

कार्मेनची माता, म्हणजे येशूची आई, ड्रायव्हरांची पाठराखीण. त्या डोंगरात बस असो, जीप असो, दुधाची गाडी असो, तिच्याशिवाय कुणी वळणं घेत नाही. आणि तिला दिवा लागतोच. कुणी ब्रेकच्या वायरीला जोडतो, कुणी हॉर्नला, आणि जे फार भाविक ते थेट बॅटरीला. रुबिएलच्या दुकानात उतरलेली बॅटरी आली की हा पहिला प्रश्न असायचा, आणि बहुतेक वेळा शेवटचाही.

"आमच्या गाडीत माता नाही," एदेल्मिरा म्हणाली.

"डोन आर्सेसियोंच्या गाडीत?"

"होती. मी काढायला लावली. डॅशबोर्डवर ठेवली होती त्यानं, ब्रेक दाबला की लाल व्हायची. उतारावर सारखी डोळे मिचकावायची. मी म्हटलं, ही देवाची आई आहे की सिग्नल? एक तर ती राहील, नाहीतर मी बसेन."

"मग?"

"मग मी बसले. त्याच दिवशी काढली त्यानं."

रुबिएलने छातीवर क्रूस काढला आणि बॉनेट उघडलं. बॅटरीची एक केबल सोडवली, केबल आणि बॅटरी यांच्या मधे मीटर लावला. "ही आता झोपलेली गाडी," तो म्हणाला. "हिनं काही खायला नको. आणि बघा."

मीटरवर आकडा दिसत होता. एखाद्या लहान दिव्याला लागेल तेवढा करंट कुठेतरी चालला होता.

त्याने फ्यूज एकेक करून काढले. त्या गाडीत ते असतात तरी किती! आकडा हलला नाही. हॉर्न सोडवला, रेडिओ सोडवला, वायपर सोडवला. आकडा ढिम्म. एदेल्मिरा शेजारी उभी राहून बघत होती आणि मधून मधून पुढचं काय ते सांगत होती, कारण गप्प उभं राहणं तिला कधी जमलंच नाही.

"फ्यूजच्या आधीच कुणीतरी तोंड घातलंय," रुबिएल म्हणाला. "कुठल्या तरी जुन्या टेपखालून वायर गेलीय. आता सगळं उघडावं लागेल. पायाखालचे रबर, सीटा..."

"सीटांना हात लावायचा नाही."

"बाई..."

"लावायचा नाही म्हटलं ना."

ड्रायव्हरच्या सीटवर आर्सेसियोची उशी होती, तिला त्याच्या बसण्याचा खळगा होता. एदेल्मिरा स्वतः गाडी चालवायची तेव्हाही ती उशी न उचलता, पुढच्या काठावर टेकून, अवघडून चालवायची. रुबिएलने उशीकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि मीटर काढून घेतला.

"मग एक सोपं सांगतो. शनिवारी रात्री ही केबल काढून ठेवा. रविवारी विल्मार यायच्या आधी लावा. चावी फिरवा, घुर्र! त्याला काय कळतंय?"

"रुबिएल, तुला मी परीक्षेत कॉपी करू दिली होती का?"

"नाही. म्हणून तर दोनदा बसलो."

"मग?"

रुबिएल हसला, बॅटरी दुकानात नेऊन चार्जिंगला लावली, संध्याकाळी आणून बसवली. जाताना म्हणाला, "सीटांचं मनावर घ्या. नाहीतर मी हरलो."

तिने मनावर घेतलं नाही. बॅटरी दिवसेंदिवस खाली गेली. ती रोज जाऊन चावी फिरवायची, सेल्फचा आवाज रोज जरा दमलेला यायचा, आणि मग एका सकाळी 'टक'. त्या दिवशी दुपारी ती चुलीजवळ विणकाम घेऊन बसली तर कानेला आली, अंग ताणलं आणि चुलीच्या कोपऱ्यात गोल झाली. एदेल्मिराला बरं वाटलं. दोन दिवस मांजर तिथेच. एदेल्मिरा तिच्याशी बोललीसुद्धा, बाजारभाव सांगितले, शेजारणीच्या जावयाबद्दल मत दिलं. घरात आपला आवाज कसा येतो, हे ती विसरली होती.

मग रुबिएलने बॅटरी पुन्हा चार्ज करून बसवली, आणि संध्याकाळी कानेला चुलीजवळून उठली आणि गॅरेजात गेली.

एकटेपणाबद्दल लोक फार गोड बोलतात. प्रत्यक्षात तो असा असतो, की एक मांजर उठून गेली म्हणून सत्तरीच्या बाईचे विणकामाचे टाके चुकतात. एदेल्मिरा चिडली. जा, त्याच्याकडेच जा, म्हणाली. सुया खाली ठेवल्या. आणि मग इतक्या वर्षांची मास्तरीण तिच्यात जागी झाली. मागच्या वेळी मांजर घरात कधी आली होती? बॅटरी उतरली तेव्हा. गेली कधी? बॅटरी भरली तेव्हा. त्याच्या आधीच्या वेळी? तेव्हाही तसंच. शोक करणारं जनावर बॅटरी बघून शोक करत नाही.

ती उठून गॅरेजात गेली. दाराच्या फटीतून धुकं आत आलं होतं आणि दिवस मावळायच्या आधीच अंधारल्यासारखं झालं होतं. तिने ड्रायव्हरशेजारचं, तिच्या नेहमीच्या बाजूचं दार उघडलं, फरशीवर गुडघे टेकले. मग गुडघ्यांनी जे सांगितलं ते न ऐकता ती चक्क आडवी झाली आणि सीटखाली डोकं घातलं.

कानेला एका पत्र्याच्या डब्याला पाठ लावून झोपली होती. खारी बिस्किटं यायची तसला चौकोनी डबा, तारेने सीटच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला. त्याला खिळ्याने भोकं पाडली होती आणि त्या भोकांतून पिवळे ठिपके मांजराच्या पाठीवर पडले होते. एदेल्मिराने बोट लावलं. डबा गरम होता. झाकण जरा सरकवलं. आत माता होती, तीच, डॅशबोर्डवरची. तपकिरी झगा, कडेवर बाळ, नाकाचा रंग उडालेला. पायाशी गाडीचा एक जुना दिवा. लाल नव्हता, मिचकावतही नव्हता. नुसता जळत होता.

तिने झाकण लावलं. उठायला वेळ लागला. उठून ती आपल्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं. हळूहळू सीट खालून उबदार झाली, रविवारी चर्चबाहेर व्हायची तशी.

"इंजिन पुढे असतं, गाढवा," ती शेजारच्या उशीला म्हणाली. "पुढे! आणि ऊब फक्त माझ्या सीटला येते? मी विज्ञान शिकवत होते रे! मुलांना उष्णतेचे धडे देत होते!"

उशी काही बोलली नाही. आर्सेसियोही अशा वेळी काही बोलत नसे. तो नुसता रस्त्याकडे बघत राहायचा आणि त्याच्या मिशा हलायच्या. मग एदेल्मिरा रडली, नाक वाहीपर्यंत रडली. रुमाल नव्हता म्हणून तिने गाडी पुसायच्या फडक्याने तोंड पुसलं आणि त्याला पेट्रोलचा वास होता.

सकाळी रुबिएल आला. डबा बघून जमिनीवर बसूनच राहिला.

"मी पहिलाच प्रश्न विचारला होता, बाई."

"माहीत आहे."

"तुम्ही म्हणालात, नाही."

"माहीत आहे म्हटलं ना! मला शून्य मार्क. पुढे बोल."

त्याने वायर बोटाने चाचपत शोधली. रबराखालून, दाराच्या कडेने, जुन्या कापडी टेपच्या आतून थेट सेल्फच्या जाड केबलला जाऊन मिळाली होती. सुबक काम होतं.

"एवढी वर्षं मग बॅटरी का उतरली नाही?" तिने विचारलं, आणि तो तोंड उघडायच्या आत तिला उत्तर कळलं होतं. तरी तिने त्याला सांगू दिलं.

"रोज फिरत होती ना गाडी. उभ्या उभ्या खाल्लं, फिरून भरलं. हिला काही झालेलं नाही, बाई. कुणी फिरवत नाही, एवढंच." तो खिशात पक्कड शोधायला लागला. "आता बोला. कापू? का स्विच बसवू? पाच मिनिटांचं काम."

"आर्सेसियोला स्विच बसवता येत नव्हता?"

"डोळे मिटून आला असता. पण मातेला स्विच कोण बसवतं, बाई? चालू-बंद करायला ती काय पंखा आहे?" मग चाचरत म्हणाला, "नाहीतर ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवून देतो. आता ड्रायव्हर तुम्ही. तिकडे तर कुणी बसतच नाही."

एदेल्मिराने त्या रिकाम्या सीटकडे बघितलं.

"राहू दे तिथंच. रोज किती फिरवली म्हणजे भरेल?"

"वस्तीपर्यंत जाऊन आलात तरी पुष्कळ झालं. पण रोज हं. कंटाळा केलात की 'टक'."

"कंटाळा करायला मला दुसरं आहे काय?" ती म्हणाली.

दुसऱ्या पहाटे तिने उशीच्या खळग्यात नीट बसून गाडी बाहेर काढली. रस्ते तिला माहीत होते, पण शेजारच्या सीटवरून माहीत होते. तिच्या खिडकीतली दरी तेवढी तिच्या ओळखीची, आणि आता ड्रायव्हरच्या बाजूचा डोंगर सांभाळायचा होता. पहिल्या दिवशी ती खिंडीपर्यंत गेली, काही करायचं नव्हतं म्हणून गाडी वळवली आणि परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. वळणावळणावर टोप्यांची गाठोडी घेतलेल्या बायका गाडी ओळखून हात वर करायच्या, मग चालवणारीला ओळखून हात खाली घ्यायच्या. शाळेतली एदेल्मिरा बाई थांबेल असं कुणालाच वाटत नव्हतं. तीही थांबली नाही.

ठरलेल्या रविवारी विल्मार आला, बरोबर सपाट पाठीचा ट्रक आणि गाडी बांधायचे पट्टे. आत्याच्या गालाची पापी घेतली, डब्यातून केक आणला होता तो दिला.

"फिरवा चावी, आत्या. मनात राग धरू नका."

तिने चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात उठली आणि गॅरेजभर धूर झाला.

विल्मार खोकला. मग हसला. हरल्यावर हसणारा तो मुलगा होता, हे तिने मनात नोंदवलं. "काय बिघडलं होतं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? बॅटरी उतरत होती ना?"

"उभी होती म्हणून उतरत होती. आता उभी नसते."

डबा तिने त्याला दाखवला नाही. दोघं जेवली, केक खाल्ला, त्याने आपल्या मुलींचे फोटो दाखवले. दुपारी तो गेला. रिकामा ट्रक उतारावर खडखडत गेला. तो आवाज बराच वेळ ऐकू आला आणि मग फ्रीजचा आवाज यायला लागला. एदेल्मिराने ताटं धुतली. कानेलाने चुलीजवळ क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि गॅरेजकडे निघून गेली.

"जा," एदेल्मिरा म्हणाली.

सोमवारी खिंडीच्या अलीकडच्या वळणावर एका बाईने हात वर केला आणि खाली घेतलाच नाही. काखेत टोप्यांचं गाठोडं, पायात रबरी बूट, आणि चेहऱ्यावर, थांबायचं तर थांब नाहीतर जा, असा भाव. एदेल्मिराने ब्रेक दाबला. बाईने सरळ पुढचं दार उघडलं.

"डोन आर्सेसियो मला नेहमी बाजारापर्यंत सोडायचे," ती धापा टाकत म्हणाली. "फार सज्जन माणूस. मी इनेल्दा, खालच्या वस्तीची. तुम्ही त्यांच्या..."

"मागे बसा," एदेल्मिरा म्हणाली. टोप्या गेल्यापासून मागची सीट उभीच होती.

"पुढे जागा आहे की."

"नाही. मागे बसा. टोप्या मांडीवर घ्या."

इनेल्दाने रिकाम्या सीटकडे बघितलं, सीटखालून बाहेर आलेल्या तपकिरी शेपटीकडे बघितलं, खांदे उडवले आणि मागे जाऊन बसली. दार दोनदा आपटावं लागलं.

"मोकळी सीट असून माणसं मागे बसवायची," ती मागून पुटपुटली. "ही काय टॅक्सी आहे?"

"गुडघे आवरा," एदेल्मिरा म्हणाली, आणि गाडी धुक्यात घातली.